काटकसरीने राहून छोट्या टेबलांवरच्या ब्लॅकजॅकवर गुजराण होईल का?

दशमान

मंडळी, बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न मांडतो आहे. इथे गणितवाले आहेत आणि लास वेगासला राहिलेलेही आहेत, म्हणून मोकळी उत्तरं मिळतील असं वाटतं.

माझं हातातलं काँट्रॅक्ट संपत आलंय. एकटा आहे, कर्ज नाही, कोणी माझ्यावर अवलंबून नाही, गरजा आधीपासूनच कमी. ब्लॅकजॅकची बेसिक स्ट्रॅटेजी, म्हणजे कोणत्या हातावर काय करायचं याचा ठरलेला तक्ता, तोंडपाठ आहे. हाय-लो पद्धतीने (लहान पत्त्याला अधिक एक, मोठ्याला उणे एक) पत्ते मोजायचा सराव रोज चालू आहे आणि आजूबाजूला गोंगाट असला तरी मोजणी सहसा सुटत नाही. विचार असा, की वेगासला कुणाबरोबर खोली वाटून घ्यायची, खर्च आवळायचा आणि १० डॉलरच्या टेबलांवर नेमाने खेळायचं. पत्ते वाईट असताना १० लावायचे, चांगले झाले की १०० पर्यंत जायचं. त्यासाठी ४,००० डॉलर, म्हणजे किमान बाजीच्या ४०० पट रक्कम बाजूला काढली आहे. राहण्याजेवण्याचा खर्च जिंकलेल्या पैशातून उचलायचा.

श्रीमंत व्हायचं नाही. रोजचा खर्च सुटला आणि वेळ माझा राहिला तर मला पुरे. गरजच इतकी कमी असेल तर तुटपुंज्या कमाईवरही हे चालावं, असा माझा कयास आहे. तो कितपत टिकतो ते सांगा.

तिठा

वाचतोय. खूण म्हणून हा प्रतिसाद.

मृद्गंध

स्पष्ट लिहिते, राग मानू नका. हा जुगार आहे. कॅसिनोतले दिवे आणि गालिचे हरणाऱ्यांच्याच पैशातून येतात. एखाद्या खेळात गिऱ्हाईक नेमाने जिंकू शकलं असतं तर त्यांनी तो खेळ कधीच बंद केला असता.

हिशेबनीस

मृद्गंधताई, रूलेटबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण खरं आहे. ब्लॅकजॅकचं, म्हणजे एकवीसच्या पुढे न जाता डीलरपेक्षा जास्त बेरीज करायच्या खेळाचं, वेगळं आहे, कारण इथे मागच्या डावाचा पुढच्या डावावर परिणाम होतो. रूलेटच्या चकतीला आधीचा आकडा ठाऊक नसतो. पण शूमधून, म्हणजे पत्ते वाटायच्या डब्यातून, चार एक्के निघून गेले की पुन्हा पिसेपर्यंत ते परत येत नाहीत. उरलेल्यांत एक्के, दश्श्या आणि चित्रं जास्त असतील तर खेळणाऱ्याचं फावतं: ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस) जास्त वेळा लागतो आणि त्यावर दीडपट मिळतात, डबल म्हणजे बाजी दुप्पट केलेले हात चांगले बसतात, आणि डीलरला सोळापर्यंत पत्ता घ्यावाच लागत असल्याने तो जास्त वेळा फुटतो, म्हणजे एकवीसच्या पुढे जातो. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचे पत्ते जास्त उरले असतील तर सगळं उलटं.

हे कुणा जुगाऱ्याने शोधलेलं नाही. १९५६ साली अमेरिकी सैन्यातल्या बाल्डविन, कँटी, मायझेल आणि मॅकडरमॉट या चौघांनी साध्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून बेसिक स्ट्रॅटेजी जवळजवळ अचूक काढली. पुढे एडवर्ड थॉर्प यांनी आयबीएम ७०४ संगणकाची मदत घेऊन मोजणीचं गणित बसवलं आणि १९६२ मध्ये ते पुस्तकातून सगळ्यांपुढे ठेवलं. १९६४ मध्ये वेगासच्या कॅसिनोंनी धास्तावून नियम कडक केले. गिऱ्हाईकं टेबलांवरून उठून गेली आणि थोड्याच आठवड्यांत जुने नियम परत आणावे लागले. खेळ बंद का केला नाही, याचं उत्तर यातच आहे. बहुतेक लोक मोजत नाहीत, मोजणाऱ्यांतले बरेच जण नीट मोजत नाहीत, आणि हा खेळ हरवता येतो या कीर्तीमुळेच टेबलं भरतात.

दशमान, तत्त्व बरोबर आहे, फक्त पल्ला लक्षात घ्या. चांगल्या नियमांच्या टेबलावर बेसिक स्ट्रॅटेजी चोख खेळलात तरी सुरुवात सुमारे अर्धा टक्का उण्यातून होते. ट्रू काउंट, म्हणजे मोजणीचा आकडा भागिले उरलेले कॅट, एकने वाढला की साधारण अर्धा टक्का तुमच्याकडे येतो. म्हणजे एकवर बरोबरी, दोनपासून पुढे कमाई. सहा कॅटच्या शूमध्ये बराचसा वेळ आपण उण्यातच बसलेले असतो.

तिठा

डीलरला सोळावर पत्ता घ्यावाच लागतो आणि आपल्याला सोळावर विचार करत बसावं लागतं. दोघांत सुखी कोण?

अबोली

मी काही वर्षं वेगासमध्ये डीलर होते, म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहिते.

दशमान, तुम्ही खर्चाचा विचार नीट केलाय, आता टेबलाचा करा. १० डॉलरचं टेबल दिसलं की आधी कापडावर छापलेली ओळ वाचायची: ब्लॅकजॅकला ३ ला २ की ६ ला ५? १० डॉलरवर पहिल्या प्रकारात १५ मिळतात, दुसऱ्यात १२. तीन डॉलर किरकोळ वाटतात. पण ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा येतो, आणि या एका बदलाने कॅसिनोचा फायदा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो. हिशेबनीस ज्या अर्ध्या टक्क्याबद्दल बोलताहेत त्याच्या जवळजवळ तिप्पट. स्ट्रिपवरच्या, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या रस्त्यावरच्या, स्वस्त टेबलांवर आता ६ ला ५ चंच राज्य आहे. एकच कॅट, हातात धरून वाटलेला, हे आमिष तर खास असतं. कमी कॅट म्हणजे चांगला खेळ असं लोकांनी कुठेतरी ऐकलेलं असतं आणि ते ६ ला ५ न वाचता बसतात.

मग मशीन. सतत पिसणाऱ्या मशीनमध्ये वापरलेले पत्ते लगेच परत टाकले जातात, तिथे मोजायला काही उरतच नाही. शिवाय पिसण्यात वेळ जात नाही म्हणून तासाला डाव वाढतात, म्हणजे न मोजणारेही लवकर हरतात. डीलर सॉफ्ट सतरावर (एक्का अकरा धरून झालेल्या सतरावर) पत्ता घेतो का तेही पाहा, घेत असेल तर आणखी सुमारे ०.२ टक्के गेले.

वेळेचाही प्रश्न आहे. शुक्रवारी संध्याकाळी त्याच १० डॉलरच्या टेबलावर २५ ची पाटी लागते. तुम्हाला परवडणारं आणि खेळण्याजोगं टेबल आठवड्याच्या मधल्या दिवसांत, सकाळी किंवा भल्या पहाटे मिळतं. तेव्हा टेबल रिकामं असतं, डाव भरभर होतात. तुमचं घड्याळ त्याप्रमाणे लावावं लागेल.

आणि टिपा. डीलरचं घर टिपांवर चालतं. टिप न देणाऱ्याबद्दल आमच्या मनात आकस नसायचा, उद्धट माणूस मात्र लक्षात राहायचा. पण तुमच्या पातळीवर दर तासाला दोन-चार डॉलर टिप दिली तर तुमच्याकडे काय उरतं, हे गणितवाल्यांना विचारा.

गणकयंत्र

विचारलंच आहे तर सविस्तर लिहितो. अबोलीताई म्हणतात तसं चांगलं टेबल मिळालं असं धरू: सहा कॅट, ३ ला २, पाऊण शू वाटला जातो, बाजी १ ते १० युनिट, १ युनिट म्हणजे १० डॉलर. चोख खेळणाऱ्यासाठी १०० डावांमागे दीड युनिट सरासरी कमाई आणि ३५ युनिट प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या आजूबाजूचे चढउतार, धरतो. कमाईचा आकडा जरा उदारच आहे.

पहिली गोष्ट, भरलेल्या टेबलावर तासाला ५०-६० डाव होतात. म्हणजे तासाची कमाई सुमारे ८ डॉलर. जुलै २०२४ पासून नेवाडात कायद्याने किमान वेतन तासाला १२ डॉलर आहे. तासाला दोन डॉलर टिप दिली तर पाव कमाई गेली. आणि टेबल ६ ला ५ असेल तर सरासरी बाजी २ युनिट धरून १०० डावांमागे सुमारे २.७ युनिट जातात, म्हणजे अधिक दीडचे उणे सव्वा होतात. तिथे कितीही अचूक मोजलं तरी पैसे कॅसिनोचेच.

दुसरी गोष्ट चढउतारांची. १० हजार डाव खेळलात तर अपेक्षित कमाई १५० युनिट आणि विचलन ३५०. एकही चूक न करता खेळणाऱ्या तिघांपैकी एक जण तिथे तोट्यात असेल. ५४ हजार डावांनंतर कमाई आणि विचलन सारखे होतात, दोन्ही सुमारे ८१६ युनिट. तेवढे डाव म्हणजे आठवड्याला ४० तास खेळून जवळजवळ सहा महिने. तेव्हाही सहांपैकी एक जण उण्यातच असतो, आणि आपण कमनशिबी आहोत की आपला खेळच चुकतोय, हे त्याला नुसत्या निकालावरून कळू शकत नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी जाते. ४०० युनिट घेऊन बसलात आणि त्यातून एक पैसाही काढला नाहीत, तरी कधी ना कधी सगळे जाण्याची शक्यता ३७-३८ टक्के आहे. आता खर्चासाठी दर १०० डावांमागे १ युनिट काढायला लागलात तर ती ७२ टक्के होते. खर्च निम्म्यावर आणलात, अर्धाच युनिट काढलात, तर ५२ टक्के. काटकसरीचा उपयोग होतो, पण एवढाच. दीड युनिट काढलात तर आज ना उद्या बुडणं ठरलेलंच.

ही शक्यता ५ टक्क्यांवर आणायची तर खर्च वेगळा ठेवून सुमारे १,२२५ युनिट लागतात. १ युनिट काढत राहायचं असेल तर ३,६७० च्या आसपास. म्हणजे ३६,७०० डॉलर, आणि तेही १० डॉलरच्या टेबलासाठी.

वळीव

गणकयंत्र, पण केली सूत्राप्रमाणे भांडवल घटलं की बाजीही घटवायची ना? मग बुडण्याचा प्रश्न येतोच कुठे?

गणकयंत्र

चांगला मुद्दा. जॉन केली यांनी १९५६ मध्ये बेल लॅब्जमध्ये मांडलेलं ते सूत्र आहे, आणि बाजी हवी तितकी लहान करता येत असेल तर ते वाचवतं. इथे तळ टेबलाने ठरवलेला आहे. १० च्या खाली जाताच येत नाही. भांडवल निम्मं झालं म्हणून वरची बाजी १०० ची ५० केलीत, तर वाईट पत्त्यांवरचे १० तसेच राहतात आणि कमाई जिथून यायची ती बाजू आखडते. मोठ्या टेबलावरचा माणूस पडत्या काळात खाली उतरू शकतो. सर्वांत स्वस्त टेबलावर बसलेल्याला उतरायला पायरीच नसते.

सांजवेळ

या आयुष्याच्या जवळ मी काही महिने राहिलो आहे, म्हणून राहणीबद्दल लिहितो. आकडे गणकयंत्रांनी दिले तसेच आहेत, त्यांवर वेगळं सांगण्यासारखं माझ्याकडे नाही.

खोली मिळवण्यापासून सुरुवात होते. घरमालक पगाराची स्लिप मागतो. 'मी पत्ते मोजतो' हे उत्तर त्याला चालत नाही. मग ओळखीतून, तोंडी बोलीवर राहायचं, आणि तशा जागी रोख रक्कम कुठे ठेवायची हा रोजचा घोर. भांडवल बँकेत ठेवलं तर पहाटे हाताशी नसतं, अंगावर ठेवलं तर झोप लागत नाही. मी दोन्हींत विभागायचो आणि दोन्हींची काळजी करायचो.

मग आरोग्य विमा. काटकसरीच्या यादीत लोक सगळ्यांत आधी तोच कापतात आणि तिथेच सगळी योजना कोसळू शकते. एका इस्पितळाच्या बिलाने वर्षभराचं भांडवल जातं. खर्च मांडताना विमा, दातांचं एखादं काम, गाडीची दुरुस्ती आणि घरी जायचं तिकीट हे धरूनच मांडा. त्याच्या खाली खर्च जात नाही, कितीही साधे राहिलात तरी.

कॉम्प्सबद्दल, म्हणजे कॅसिनोकडून फुकट मिळणाऱ्या गोष्टींबद्दल, विचारणार असालच. कॅसिनो तुमची सरासरी बाजी, खेळलेले तास आणि त्या खेळातला त्यांचा अंदाजी फायदा यांचा गुणाकार करतो आणि त्यातला काही हिस्सा जेवण, खोली या रूपात परत देतो. १०-२० च्या बाजीवर तो गुणाकार फार मोठा होत नाही. अधूनमधून एखादं जेवण सुटतं, खोली क्वचित. आणि त्यासाठी कॅसिनोचं सभासद कार्ड लावलं की तुमचं नाव, तास, बाजीचे चढउतार सगळं एका नोंदीत जातं. जेवण वाचवायला नाव द्यायचं का, हे आधीच ठरवून ठेवा. फुकटची दारू मात्र फुकट नसते. दोन पेल्यांनंतर माझी मोजणी ढासळलेली मी घरी सराव करताना तपासली होती, म्हणून टेबलावर मी पाणीच घ्यायचो.

एक मात्र मनापासून सांगतो, तो काळ मला आवडला. पहाटे टेबलावर मी आणि डीलर दोघंच, डाव पाण्यासारखे वाहताहेत, ट्रू काउंट चारवर गेलाय आणि आपण काय करतोय ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे. ते सुख खरं होतं. त्यावर घर चाललं नाही, एवढंच.

मुक्ता_

सांजवेळ, शेवटचा परिच्छेद वाचून बरं वाटलं. इथे सगळे तासाचे डॉलर मोजताहेत. दशमान यांनी लिहिलंय की वेळ स्वतःचा राहिला तर पुरे. बारा डॉलरच्या नोकरीत वेळ दुसऱ्याचा असतो. तो फरक कुठल्या रकान्यात मांडणार?

हिशेबनीस

मुक्ता, रकाना जरूर काढू. पण त्यात हेही लिहायचं: पहाटे तीनला उठायचं कारण टेबल तेव्हा स्वस्त आहे. शनिवारी मित्रांना वेळ असतो तेव्हा आपल्यालाही सुट्टी, कारण पाटी २५ ची झालेली. एका जागी पाऊण तास बसायचं आणि पिट बॉसची, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्याची, नजर वळायच्या आत उठून दुसरीकडे जायचं. शूच्या मध्येच लघवीला जायचं का हेसुद्धा काउंट ठरवतो. हा वेळ आपला म्हणावा का, हे मी खरोखर विचारतोय, टोमणा नाही.

मुक्ता_

मान्य. पण कोणाच्या तरी हाताखाली नसणं ही माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे, आणि ती काहींसाठी असूच शकते. मी माझ्या मतावर आहे.

फिरस्ता

अवांतर होईल, पण फोनवर मोजणारं अ‍ॅप वापरलं तर? कानात छोटा हेडफोन, कुणाला कळणार?

अबोली

नाही! हे कृपया कोणीही करू नका. डोक्यात मोजणं नेवाडात गुन्हा नाही. मोजायला उपकरण वापरणं १९८५ पासून गुन्हा आहे, आणि त्यासाठी तुरुंगात जावं लागू शकतं. छताचे कॅमेरे नेमके हातांकडे आणि कानांकडे पाहत असतात.

हिशेबनीस

त्याला जोडून. डोक्यात मोजणं गुन्हा नसलं तरी नेवाडात कॅसिनो तुम्हाला 'ब्लॅकजॅक सोडून दुसरं काहीही खेळा' असं सांगू शकतो. आवारातच येऊ नका असं बजावल्यावर परत गेलात तर ती घुसखोरी ठरते. न्यू जर्सीत तसं नाही. केन उस्टन यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितलं, की कॅसिनोला स्वतःच्या मर्जीने पत्ते मोजणाऱ्याला बाहेर ठेवता येणार नाही. मग अटलांटिक सिटीतल्या कॅसिनोंनी दुसरे मार्ग धरले: मोजणारा दिसला की लवकर पिसायचं, त्याच्या बाजीवर मर्यादा घालायची. बाहेर काढत नाहीत, पण कमवूही देत नाहीत.

वळीव

१० डॉलरच्या माणसाकडे कोण लक्ष देतंय?

अबोली

कमी देतात, खरं आहे. पण १० चे अचानक १०० झाले आणि पिसल्यावर पुन्हा १० झाले, हे पाहायला पिट बॉसला गणित लागत नाही. आमच्याकडे बाजी १०० वर गेली की मोठ्याने सांगायची पद्धत होती. २५ च्या टेबलावर १०० कुणाच्या डोळ्यांत येत नाहीत, १० च्या टेबलावर येतात.

पागोळी

कराबद्दल कोणीच लिहिलं नाही. मी अमेरिकेत लोकांचे रिटर्न भरते. जिंकलेलं उत्पन्न करपात्र असतं, कोणी कागद दिला नाही तरी. पूर्णवेळ, नेमाने, उपजीविकेसाठी खेळणाऱ्याचा तो व्यवसाय मानता येतो, हे १९८७ च्या ग्रोएट्झिंगर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. पण २०२५ च्या कायद्याने एक मोठा बदल केला. २०२६ पासून हरलेल्या रकमेचा ९० टक्केच भाग वजा करता येतो. ब्लॅकजॅकमध्ये उलाढाल मोठी आणि नफा बारीक असतो, म्हणून हा बदल इथे फार जड जातो. समजा वर्षात जिंकलेले खेळ मिळून १ लाख आणि हरलेले मिळून ९५ हजार. हातात राहिले ५ हजार. वजावट मिळाली ८५,५०० ची, म्हणून कर लागला १४,५०० वर. प्रत्येक खेळाची तारीख, जागा, टेबल, आणलेली आणि नेलेली रक्कम वहीत लिहा, आणि आधी जाणकाराला भेटा.

गणकयंत्र

पागोळी, हे माझ्या हिशेबात नव्हतं. याने तासाचे ८ आणखी खाली येतात.

मृद्गंध

सगळं वाचलं. गणित मला पटलं, पण माझी काळजी वेगळी आहे. मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करते. मोजणारा आणि व्यसनी बाहेरून अगदी सारखे दिसतात: दोघंही रोज जातात, दोघंही हरल्यावर 'हे चढउतार आहेत' म्हणतात. मोजणाऱ्याचं ते वाक्य खरं असतं, आणि व्यसनी माणसाला तेच वाक्य आयतं मिळतं.

फरक मला तीन ठिकाणी दिसतो. वही खरी आहे का, हरलेले दिवसही लिहिलेत का. काउंट उण्यात असताना उठता येतं का. आणि ठरवलेली रक्कम संपली तर पुढची कुठून येते. घरभाड्याच्या पैशातून आली तर तिथे थांबायला हवं. गॅम्बलर्स अनॉनिमस १९५७ पासून चालू आहे, मोफत आहे, आणि तिथे जायला सगळं हरलेलं असावं लागत नाही. दशमान, तुमच्याबद्दल हे म्हणत नाही. पण एकटे राहणार आहात, तर महिन्याकाठी ती वही कोणाला तरी दाखवा.

तिठा

वही दाखवायची कल्पना आवडली. हिशेबनीसांना दाखवा. ते पैसा न् पैसा विचारतील.

हिशेबनीस

आनंदाने पाहीन.

निशिगंध

एक भाबडा प्रश्न. घरबसल्या ऑनलाइन खेळलं तर राहण्याचा खर्च, टिपा, पहाटेची वेळ सगळंच सुटतं ना?

वळीव

संगणकाने वाटलेल्या पत्त्यांत दर डावाला नव्याने पिसलं जातं, म्हणजे मोजणी शून्य. कॅमेऱ्यासमोर खरा डीलर असतो तिथेही शू बहुधा निम्मा वाटला की पुन्हा पिसतात. शिवाय तुमची प्रत्येक बाजी त्यांच्याकडे नोंदलेली असतेच.

दशमान

सगळ्यांचे आभार. दोन दिवस शांतपणे गणकयंत्रांचे आकडे स्वतः मांडून पाहिले आणि त्यात पागोळींचा कर घातला. खर्च कमी केला की गाडी चालेल हा कयास होता. दिसतंय असं, की खर्च कितीही कमी केला तरी जोवर तो त्याच पेटीतून निघतो तोवर ४०० युनिट टिकत नाहीत. आणि ती पेटी पुरेशी भरेल इतके पैसे असते तर मी १० च्या टेबलाचा विचार केला नसता.

म्हणून आता असं ठरवतोय. अर्धवेळ काम घ्यायचं, त्यातून भाडं, जेवण आणि विमा. मृद्गंधताईंनी सांगितलेली वही आणि हिशेबनीसांचे डोळे, दोन्ही कबूल. ४०० युनिट फक्त टेबलासाठी, त्यांत घरखर्चाचा हात नाही, आणि ते संपले तर खेळ संपला. आठवड्याच्या मधल्या दोन सकाळी खेळायचं. मुक्ता, वेळ पूर्ण माझा राहणार नाही, पण बराचसा राहील. काटकसर चालूच ठेवतो, शिल्लक पडेल ती पेटीत जाईल.

अबोलीताई, एकच विचारायचं राहिलं. शू किती खोल वाटतात हे बसण्याआधी कसं ओळखू? पाटीवर ते लिहिलेलं नसतं.

अबोली

बसूच नका, मागे उभं राहून एक पूर्ण शू पाहा. डीलरच्या उजव्या हाताला वापरलेल्या पत्त्यांचा ट्रे असतो. एका कॅटची उंची साधारण दीड सेंटिमीटर. घरी एक, दोन, तीन, चार, साडेचार कॅट असे गठ्ठे रचून डोळ्याला सवय लावा. ट्रू काउंट काढायला उरलेले कॅट मोजावे लागतात, तिथेही हीच सवय उपयोगी पडते. सहा कॅटच्या शूमध्ये कट कार्ड, म्हणजे आता पिसायचं अशी खूण असलेला पत्ता, बाहेर आलं तेव्हा ट्रेमध्ये साडेचार दिसले तर बसण्यासारखं, चारच्या खाली असतील तर पुढे चला. कट कार्ड कुठे घालायचं ते कॅसिनो ठरवतो, पण डीलर माणूसच असतो. कोणी जरा खोल घालतं, कोणी वर. कोणत्या डीलरचं कट खोल असतं ते वहीत लिहून ठेवा.

आणि उभं राहून पाहताना मोजतही राहा. 'मध्येच प्रवेश नाही' अशी पाटी नसेल तर काउंट दोनवर गेल्यावरच बसा, उण्यात गेला की उठा. उण्यातले डाव टाळले की तुमचे ४०० युनिट जास्त पुरतील. सगळ्या शूमध्ये बसून राहणाऱ्यांत आणि तुमच्यात सर्वांत मोठा फरक तिथेच पडेल.

गणकयंत्र

याच्याशी पूर्ण सहमत. अशा बसण्याउठण्याचे आकडे वेगळे येतात. डाव कमी होतात, पण डावामागची कमाई वाढते आणि बाजीतला वरखाली फरकही कमी ठेवता येतो. तुमचं टेबल ठरलं की नियम इथे लिहा, त्याप्रमाणे मांडून देतो.